थायलंड-कंबोडिया बॉर्डरवरचं रोंग क्लुआ मार्केट आणि जवळचं जंगल, आत्ता जावं का?

जालन्याचा_कापडवाला

नमस्कार मंडळी, जालन्यात माझं रेडिमेडचं दुकान आहे, लग्नसराई उरकली की जूनमध्ये आम्ही चौघं (मी, बायको, साडू आणि मेव्हणी) थायलंडला जायलोत. पेरणीच्या दिवसात गिऱ्हाईक तसंही नसतं. बँकॉक फिक्स आहे, बाकीचे दिवस मोकळे ठेवलेत कारण ट्रॅव्हलवाला जो तो पटाया आणि कोरल आयलंड गळ्यात मारायलाय आणि मला ते नकोय.

मला बघायचंय ते रोंग क्लुआ मार्केट, कंबोडियाच्या बॉर्डरला चिकटून आहे म्हणे, रील्समध्ये बघितलं तर जुन्या जीन्सचे, बुटांचे, पर्सचे नुसते ढीग, आणि माणसं हातगाड्यावर घराएवढा माल लादून ओढायलेत. धंद्यातला माणूस आहे त्यामुळं माल कुठून येतो, कोण निवडतं, भाव कसा ठरतो हे बघायची खाज आहे, घ्यायचं फार काही नाही. बायकोचं वेगळंच, तिचं माहेर कन्नडकडचं, गौताळ्याच्या बाजूला वाढलेली, तिला मॉलमध्ये दहा मिनिटं दम निघत नाही पण जंगल म्हणलं की चप्पल घालून तयार. मॅपवर बघितलं तर त्याच भागात पांग सीदा आणि ता फ्राया अशी दोन नॅशनल पार्क दिसायलेत, आणि एक जुनं देऊळ पण.

तर प्रश्न असे की मार्केट सध्या चालू आहे का, मध्ये तिकडं लढाई झाली होती ती मिटली का, तिथून पलीकडं पॉइपेटला जाऊन अंकोर वाट करता येतं का, आणि बँकॉकवरून जायचं कसं. साडू म्हणतो तिकडं गोळ्या चालायल्यात आणि तुला जुन्या प्यांटी बघायच्यात. मेव्हणी माळकरी आहे, तिच्या जेवणाचं पण कोणी सांगा.

नांदेडकर_फिरस्ता

दादा, मी बॉर्डर चालू असतानाच्या काळात गेलेलो आहे, त्यामुळं आधी ते कसं होतं ते सांगतो मग आत्ताचं.

गाव म्हणजे अरण्यप्रथेत, सा केओ जिल्हा. बँकॉकच्या हुआ लाम्फोंग स्टेशनवरून पहाटे सहाच्या आसपास एक पॅसेंजर निघते, थर्ड क्लास, पंख्याचे डबे, तिकीट पन्नास बाटच्या आतबाहेर, दुपारपर्यंत पोचवते. बाकीच्या लांबच्या गाड्या २०२३ पासून नव्या मोठ्या स्टेशनला गेल्या पण ही पूर्वेकडची अजून जुन्याच स्टेशनवरून सुटते, तिथं लोक चुकतात. खिडकीतून नुसती भातशेती, डब्यात बायका टोपल्या घेऊन चढतात, चिकट भात, तळलेलं काहीबाही, आंबे विकतात.

मार्केटचा जीव होता तो पलीकडच्या माणसांमुळं. सकाळी गेट उघडलं की पॉइपेटकडून कंबोडियन माणसं, बाया, पोरं रांगेनं आत यायची, कोणी दुकानदार, कोणी हमाल, कोणी नुसतं कपडे निवडणारं. आपल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात जशी गर्दी आणि धूळ असते तशी, फक्त घोड्याच्या जागी हातगाडे. मालाचे मोठे दाबलेले गठ्ठे येतात, बराचसा जपान-कोरियाकडचा वापरलेला माल, गठ्ठा फोडला की बायका गोल करून बसायच्या आणि चेन चालते का, बटण आहे का, काखेत डाग आहे का हे बघून हाताहातात तीन-चार ढिगात फेकायच्या, डोळा इतका बसलेला की मान वर न करता गप्पा चालू. चांगला ढीग इस्त्री करून पुढच्या लाईनीत, मधला तसाच वजनावर नाहीतर नगावर, उरलेला पुसायच्या फडक्याला. मार्केट एवढं पसरलंय की आत फिरायला सायकल किंवा बॅटरीची गाडी भाड्यानं घ्यावी लागायची. नवीन म्हणून ब्रँडेड दिसणारं जे काय असतं ते डुप्लिकेट, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता आत्ताचं. मे २०२५ मध्ये सीमेवर चकमक झाली, जूनमध्ये थायलंडनं जमिनीवरची नाकी बंद केली, २४ जुलैपासून पाच दिवस सरळ तोफा आणि विमानं, मलेशियानं मध्यस्थी केली, ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूरला करार झाला, आणि डिसेंबरमध्ये परत पेटलं. २७ डिसेंबर २०२५ ला पुन्हा युद्धबंदी. म्हणजे मिटली असं म्हणण्यापेक्षा थांबली म्हणा. आणि गेट बंद झालं तेव्हाच मार्केटमधले निम्मे-अर्धे हातच गेले, शटरं पडली. तुम्हाला जे बघायचंय, गठ्ठा फुटताना, निवड होताना, ते करणारी माणसंच पलीकडं अडकलीत. मोकळ्या गाळ्यांची गल्ली बघायला कशाला एवढं लांब जायचं?

पॉइपेटवरून अंकोर वाट हे डोक्यातून काढा. अंकोर करायचंच असेल तर सिएम रीपला विमानानं, आणि बँकॉकवरून थेट नाही मिळालं तर तिसऱ्या देशातून. वेगळी ट्रिप करा म्हणजे खर्चाला न्याय मिळेल.

पंक्या_बीड

पॉइपेट नाव निघालंच म्हणून सांगतो. आमच्या इकडच्या पोरांना बँकॉकमध्ये डाटा एन्ट्री, कॉल सेंटर, महिना लाखभर पगार असं सांगून नेतात, विमानतळावरून गाडीत घालतात आणि बॉर्डरपलीकडच्या बंद इमारतीत पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाईन फसवणुकीच्या कामाला बसवतात. भारत सरकारनं यावर किती वेळा सूचना काढल्यात. तुम्ही फिरायला जायलात, तुमचं वेगळं, पण गावातलं कोणी पोरगं म्हणलं की दादा तुम्ही जायलेतच तर तिकडच्या आमच्या एजंटला भेटून या, तर सरळ नाही म्हणा.

बाकी साडू बरोबर बोलायलाय 😀

औंढ्याचे_मास्तर

मॅपवर जे जुने देऊळ दिसले ते स्दोक कोक थोम असणार. मी इतिहास शिकवत होतो, आता रिटायर आहे, त्यामुळे थोडे लांबेल, सहन करा.

देऊळ शंकराचे, अकराव्या शतकातले, राजा उदयादित्यवर्मन दुसरा याच्या काळात पूर्ण झाले. ख्मेर म्हणजे कंबोडियाच्या जुन्या साम्राज्याचा इतिहास ज्या शिलालेखांवर उभा आहे त्यात इथल्या लेखाचा नंबर फार वरचा लागतो. दीड मीटर उंचीची शिळा, ३४० ओळी, काही संस्कृतात आणि काही जुन्या ख्मेर भाषेत. त्यात एका पुरोहित घराण्याची हकीगत आहे, पहिला शिवकैवल्य, तो राजा जयवर्मन दुसरा याचा पुरोहित, आणि शेवटचा सदाशिव, अशी अडीचशे वर्षे एकाच घराण्याकडे देवराज नावाच्या राजकीय पूजेची वहिवाट. कोणत्या राजाने कोणते गाव इनाम दिले, कोणत्या लढाईत देऊळ उद्ध्वस्त झाले, परत कोणी बांधले, सगळे लिहिलेले. जयवर्मनाने इ.स. ८०२ मध्ये महेंद्रपर्वतावर स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेतले हे जे पुस्तकात आपण वाचतो, त्याची मोठी साक्ष ही शिळा.

आणि काळ बघा, शके ९७४. आपल्या पंचांगातलाच शक तो. म्हणजे इ.स. १०५२-५३, त्या वेळी आपल्या मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांचा पहिला सोमेश्वर राज्य करत होता. देगलूरजवळचे होट्टल ज्यांनी बघितले असेल त्यांनी ध्यानात घ्यावे की साधारण त्याच पिढ्यांमध्ये तिकडे आणि इकडे दोन्हीकडे पाथरवट शंकराचीच देवळे घडवत होते. आमच्याकडे होट्टलला चिटपाखरू फिरकत नाही ही गोष्ट वेगळी.

पण कापडवाले, देऊळ खोक सूंग तालुक्यात आहे, बॉर्डरच्या अगदी जवळ, आणि २०२५ मध्ये ज्या गावांवरून सा केओ बाजूला बाचाबाची झाली ती गावे त्याच तालुक्यातली. शिवाय ऐंशीच्या दशकात या परिसरात कंबोडियन निर्वासितांच्या छावण्या होत्या, त्या काळात सगळ्या सीमेवर सुरुंग पेरलेले. देवळाचा परिसर साफ करून मगच दुरुस्ती केली गेली, पण सीमेलगतचे रान अजून सगळीकडे साफ नाही, २०२५ मध्ये सुद्धा गस्तीवरच्या सैनिकांचे पाय गेले. लाल पाटीवर कवटी दिसली की मागे फिरायचे, आणि वाट सोडून लघवीलासुद्धा आत जायचे नाही.

सोय एक आहे. मूळ शिळा बँकॉकच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, राजवाड्याजवळ. देऊळ राहू द्या, शिळेची चौकशी तिथे करा. सोमवार-मंगळवार म्युझियम बंद असते.

लातूर_रायडर

लोक नुसते न्यूज बघून घाबरायलेत राव. अरण्यप्रथेत गाव काय ओस पडलंय का, तिथं माणसं राहतात, थाई दुकानदार आहेत, हॉटेलं आहेत. युद्धबंदी आहे तर जाऊन बघायला काय हरकत आहे, नाही आवडलं तर संध्याकाळच्या गाडीनं परत. एवढं घाबरून फिरायचं तर तुळजापूरलाच जा मग.

नांदेडकर_फिरस्ता

रायडर भाऊ, एकटा असतो तर मी पण गेलो असतो कदाचित. चौघं जायलेत, त्यात दोन बायका, आणि जुलै २०२५ ला आपल्या एम्बसीनं सात जिल्हे टाळा म्हणून सूचना काढली होती त्यात सा केओ होतं. गोळी लागेल असं कोणी म्हणत नाही, पण मध्येच काही झालं तर गाड्या बंद होतात आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्याकडं गेलं की तो युद्धाचा क्लॉज दाखवतो, बहुतेक पॉलिसीत तो असतोच. मग हॉटेलचे पैसे, विमानाचे पैसे सगळं अंगावर.

उदगीरची_मंजू

मी नवऱ्याच्या नोकरीमुळं बँकॉकलाच राहते, त्यामुळं दादा तुमच्यापेक्षा मला वहिनींसाठी लिहायचंय आधी 🙂

ता फ्राया सोडा, ते बॉर्डरलगत आहे. पांग सीदा मात्र बरंच आत, सा केओ गावाच्या उत्तरेला २८ किलोमीटरच्या आसपास. तुमची तीच पॅसेंजर, अरण्यप्रथेतच्या आधी सा केओ स्टेशनला उतरायचं आणि तिथून गाडी करायची, बस वगैरे नीट नाही, दिवसभराची गाडी ठरवा आणि परतीचं आधीच बोलून ठेवा. जिल्हा तोच असल्यामुळं निघायच्या आठवड्यात एम्बसीची साईट बघा, सूचना असेल तर रद्द. हे जंगल खाओ याई नॅशनल पार्कपासून सुरू होणाऱ्या मोठ्या पट्ट्याचा भाग आहे, २००५ पासून वर्ल्ड हेरिटेज. २०१७ ला या पूर्वेकडच्या जंगलात वाघिणी पिल्लांसकट कॅमेऱ्यात सापडल्या तेव्हा इथं मोठी बातमी झाली होती, पण तुम्हाला वाघ दिसणार नाही, ती आशा घेऊन जाऊ नका.

बघायचं ते फुलपाखरं. पावसाची सुरुवात झाली की मे ते जुलै सीझन असतो त्यामुळं तुमचा जून बरोबर बसतो. धबधब्याकडं जाताना रस्त्याच्या कडेला ओली वाळू, ओढ्याचा काठ जिथं असेल तिथं थवेच्या थवे जमिनीवर बसलेले असतात, पंख मिटून, पिवळे, पांढरे, निळ्या पट्ट्यांचे, आणि सोंड मातीत खुपसून पाणी पितात. पाणी म्हणजे त्यातलं मीठ-खनिज त्यांना पाहिजे असतं आणि बहुतेक सगळे नर असतात. नीट वाकून बसलात तर दिसतं की एकीकडून पितायत आणि मागून थेंब थेंब सोडतायत. चालताना सावली पडली की सगळा थवा एकदम वर उठतो आणि अर्ध्या मिनिटात परत तिथंच. घाईघाईत फोटो काढायला धावणारे लोक काहीच बघत नाहीत, एक जागा धरून बसायचं. सकाळी ऊन पडल्यावर जा, ढगाळ दिवशी मजा नाही. जळवा असतात, मोजे पँटवरून ओढून घ्या. फॉरेनरला २०० बाट एन्ट्री आहे, थाई माणसाला कमी, त्यावरून गेटवर वाद घालू नका, सगळीकडं तसंच आहे.

आता तुमचं मार्केट. मी म्हणीन की चांथाबुरीला जा, तिथं माणिक-नीलमचा बाजार भरतो. चांथाबुरी पण कंबोडियाला लागून असलेलाच जिल्हा, पलीकडं पाइलिन, जिथल्या माणकांवर हा बाजार पूर्वी मोठा झाला. खरं सांगायचं तर एम्बसीच्या त्या सात जिल्ह्यात हा पण होता, पण शहर बॉर्डरला चिकटून नाही, समुद्राच्या बाजूला आहे, आणि मुख्य म्हणजे तिथला बाजार बॉर्डरच्या गेटवर चालत नाही. माणिक-नीलम आता मोझांबिक, मादागास्कर, श्रीलंकेवरून येतात, इथं फक्त तापवणं, कापणं आणि विकणं. शुक्रवार ते रविवार भरतो.

तुम्ही धंद्यातले आहात तर तुम्हाला हे आवडेल की तिथं घेणारा बसलेला असतो आणि विकणारा फिरतो. व्यापारी टेबल भाड्यानं घेतो, समोर दिवा, चिमटा, वजनकाटा, आणि कोणता माल पाहिजे त्याची पाटी. दलाल बाया-माणसं पांढऱ्या कागदाच्या पुड्या घेऊन टेबलाभोवती गोळा होतात, पुडी उघडतात, हा चिमट्यानं दोन खडे उलटेपालटे करतो आणि पुढं सरकवतो, पुढची पुडी. आवडलं तर आकडा सांगतो, दलाल पुडी चिकटपट्टीनं बंद करून त्यावर तो आकडा लिहून मालकाला विचारायला पळतो. पट्टी फोडली नाही म्हणजे मधल्या मधे दुसऱ्याला दाखवली नाही. जयपूरकडचे लोक असतात, आफ्रिकेतले असतात, सगळे थाईमध्ये घासाघीस करायलेले. एका कोपऱ्यात उभं राहून बघायला कोणी हटकत नाही.

पण घेऊ नका! फारच मन झालं तर आधी लॅबमधून तपासून, सरकारी जेम इन्स्टिट्यूटची लॅब त्या गावात पण आहे. तडे गेलेल्या माणकात शिशाची काच भरून चकाचक करतात, डोळ्यानं अजिबात कळत नाही, आणि घरी आल्यावर अंगठी घालून लिंबू पिळलं की वरचा भाग खरबरीत होतो. आणि बँकॉकमध्ये टुकटुकवाला म्हणला की आज सरकारी सेल आहे, शेवटचा दिवस, तर उतरून चालायला लागा.

तिथून फ्लिओ धबधबा जवळ आहे, नॅशनल पार्कच आहे १९७५ पासूनचं. पाण्यात हातभर लांबीचे मासे, शेकड्यानं, आणि लोक त्यांना चवळीसारख्या लांब शेंगा खाऊ घालतात, जुड्याच्या जुड्या विकायला असतात. शेंग पाण्यात धरली की चार मासे चार बाजूनी ओढतात, कट् कट् आवाज येतो. माळकरी ताईंना पण चालेल, मासे बघायचेत, खायचे नाहीत 😄

जेवणाचं म्हणाल तर इथं भाजीत सुद्धा माशाचा सॉस टाकतात, त्यामुळं व्हेज म्हणलं तरी भरवसा नाही. "जे" म्हणायचं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, तिथं मांस-मासा तर नाहीच पण कांदा-लसूण पण नसतो. माळकरी माणसाला याच्यापेक्षा काय पाहिजे. गावाकडं अशी दुकानं कमी, म्हणून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणा. फळं भरपूर, जून म्हणजे चांथाबुरीत ड्युरियन, रामबुतान, मँगोस्टीनचा सीझन. ड्युरियन हॉटेलच्या खोलीत नेऊ नका, दंड लावतात.

जालन्याचा_कापडवाला

मंजूताई, बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणते मार्केट गेलं तरी चालेल फुलपाखरं पाहिजेत. मास्तर, म्युझियम लिहून घेतलं, बुधवारी ठेवतो. रोंग क्लुआ कॅन्सल, पलीकडची माणसंच नाहीत तर मी काय बघणार, नांदेडकर दादाचं पटलं. गेट उघडलं की परत बघू.

दोन शंका. चांथाबुरीला रेल्वे जाते का? आणि बँकॉकमध्ये पण जुन्या कपड्यांचे बाजार आहेत म्हणे, तिथून एखादा छोटा गठ्ठा आणला तर कस्टमला चालतं का, नमुन्याला म्हणून.

नांदेडकर_फिरस्ता

गठ्ठा आणू नका. भारतात वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, लायसन लागतं. अंगावरचे, बॅगेतले दोन-चार नग घरच्या वापराला म्हणून कोणी विचारत नाही, पण एकसारख्या वीस जीन्स दिसल्या की तो व्यापारी मालच धरणार, आणि तुम्ही कापडवाले आहात हे तुमच्या बोलण्यावरून कळतंच.

मुंबईवरूनच जायचं असं नाही बरं का, हैदराबादवरून पण बँकॉकची विमानं आहेत, जालन्याहून दोन्हीचं गणित मांडून बघा. आणि टीडीएसी म्हणून डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून सगळ्यांना कंपल्सरी आहे, पोचायच्या आधी तीन दिवसांत भरायचं, फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली की बंद करा. व्हिसा जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस माफ केला होता, त्यात बदल करायची चर्चा चालू असते म्हणून तिकीट काढायच्या आधी एकदा बघा.

पंक्या_बीड

मग साडूचं काय ठरलं?

जालन्याचा_कापडवाला

साडू आता म्हणायलाय माणिक स्वस्त मिळतं तर एक घेऊ, गुरुजींनी सांगितलंय त्याला रवी कमजोर आहे म्हणून. कालपर्यंत गोळ्यांना भ्यायला होता.

उदगीरची_मंजू

त्यांना खिशात लिंबू घेऊन फिरायला सांगा 😂

चांथाबुरीला रेल्वे नाही. बँकॉकच्या एक्कमाई बस स्टँडवरून गाड्या आहेत, चारेक तास लागतात. शुक्रवारी सकाळी निघा, दुपारी बाजार, शनिवारी सकाळी लवकर फ्लिओ, कारण शनिवार-रविवार दुपारी थाई लोकांचीच गर्दी होते, आणि तिथं पण २०० बाट. पांग सीदा त्याच्या आधी मधल्या वारी करा. आणि वहिनींना सांगा धपाटे स्टीलच्या डब्यात घ्यायला, नॅशनल पार्कमध्ये एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक आणि थर्माकोल २०२२ पासून बंद आहे, गेटवर पिशव्या काढून ठेवायला लावतात.